श्रीलंका की मॉरिशस? आधी कॅलेंडर बघा

आठवड्याची सुट्टी, सोबत आईवडील आणि लहान मूल, आणि सगळ्यांना हवा आहे समुद्र. मग घरात श्रीलंका आणि मॉरिशस ही दोन नावं निघतातच. बहुतेक जण आधी पॅकेजचे दर विचारतात. माझ्या मते आधी महिना ठरवायला हवा.

मे महिन्याच्या सुट्टीत श्रीलंकेच्या नैर्ऋत्येला पाऊस सुरू झालेला असतो. गॉल, मिरिसाचा समुद्र खवळलेला. तेव्हा पूर्वेकडचं त्रिंकोमाली कोरडं असतं, म्हणून मेमध्ये जायचंच असेल तर पॅकेजमध्ये कोणता किनारा आहे हे विचारून घ्या. मॉरिशसला त्याच वेळी हिवाळा लागत असतो, हवा छान गार. जानेवारी ते मार्चमध्ये उलट: तिकडे चक्रीवादळांची भीती, आणि गॉल-मिरिसा अगदी बहरात.

दुसरा प्रश्न आईबाबांच्या गुडघ्यांचा. मॉरिशसचं बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब. एकाच हॉटेलात सामान टाकायचं, रोज कुठेतरी जाऊन संध्याकाळी परत. बेटाभोवती प्रवाळाचं कडं असल्याने बहुतेक किनाऱ्यांवर पाणी उथळ आणि शांत, लेकरं निवांत डुंबतात. दक्षिणेच्या ग्रि-ग्रिला मात्र ते कडं नाही. तिथे लाटा लांबूनच बघाव्यात. श्रीलंकेत दर दोन दिवसांनी बॅगा भराव्या लागतात, आणि सिगिरियाच्या कातळकिल्ल्याच्या पायऱ्याच बाराशेच्या आसपास.

तरीही कँडी ते एल्ला या रेल्वेला तोड नाही. सहा-सात तासांचा प्रवास, वाटेतल्या पट्टिपोला स्टेशनला गाडी १,८९८ मीटरवर पोचते, चहाचे मळे हात लांबवले तर लागतील इतके जवळ. डब्यात फेरीवाला येतो आणि वहीच्या जुन्या पानात गुंडाळून गरम डाळवडे देतो. कागदावर एखाद्या मुलाची गणितं असतात.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी श्रीलंकेत जरा जपून. पोल सांबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची झणझणीत चटणी, दिसते निरागस, पण तिच्यात सुक्या माशाचा चुरा असू शकतो. मॉरिशसची डाळपुरी हातात घेतली की गूळ न घातलेली पुरणपोळीच वाटते. रस्त्यावर ती जोडीने मिळते, आत घेवड्याची उसळ. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांत मराठी माणसंही होती, त्यांच्या वंशजांनी गणपती सोडला नाही. राजधानी पोर्ट लुईला, हे मजूर जिथे उतरले तो आप्रवासी घाट बघा, घाई न करता.

खर्चात श्रीलंका सरस: मुंबईहून कोलंबो अडीच तासांवर, मॉरिशस सहा तासांहून जास्त, आणि तिकडची हॉटेलंही महाग.

आमच्याकडे मेची सुट्टी आणि सत्तरीची आई, त्यामुळे मी मॉरिशस घेईन. तुमची सुट्टी जानेवारीत असेल आणि सगळे चालते-फिरते असतील तर श्रीलंकाच घ्या, पण विमानाच्या तारखा ठरल्या की लगेच एल्लाच्या गाडीचं आरक्षण बघा. दरडी कोसळून तो मार्ग कधीकधी बंदही असतो.