फुकटच्या ई-मेल पत्त्यांची पारख: कुणाला कोणता चालेल

बारावीच्या वर्षात बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी मुलं सीईटीचे फॉर्म दोन्हीकडचे भरतात, कर्नाटकचा आणि महाराष्ट्राचाही. जोडीला रँक सांगणाऱ्या, कटऑफ दाखवणाऱ्या, ‘मोफत सल्ला’ देणाऱ्या वेबसाइट असतातच. सगळीकडे एकच जीमेल दिला, की त्यात कामाचा मेल शोधणं म्हणजे बाजाराच्या गर्दीत निसटलेली चप्पल शोधणं. टाकाऊ पत्ता, म्हणजे गरज संपली की सोडून देता येणारा ई-मेल पत्ता, हा यावरचा चांगला उपाय आहे, पण त्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात आणि गोंधळ तिथंच होतो.

पहिली वस्तू म्हणजे टेनमिनिटमेल, मेलिनेटर यांसारख्या साइट. नोंदणी नाही, पासवर्ड नाही, पत्ता हातोहात मिळतो. टेनमिनिटमेलचा पत्ता दहा मिनिटांत मरतो. मेलिनेटरच्या फुकट पेट्या तर उघड्याच असतात; पत्त्याचं नाव ज्याला सुचलं त्याला आतला मेल वाचता येतो. एखादी पीडीएफ उतरवायला हे ठीक. जिथं पुन्हा लॉगिन करावं लागेल तिथं हा पत्ता दिलात तर पासवर्ड विसरल्यावर खातं गेलंच म्हणून समजा. शिवाय बऱ्याच वेबसाइट असे डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) ओळखून फॉर्मच घेत नाहीत.

दुसरी वस्तू म्हणजे टोपणपत्ता. त्यावर आलेला मेल तुमच्या नेहमीच्या पेटीत येतो, आणि नको झाला की तेवढाच पत्ता बंद करायचा. पारख करायची ती याचीच.

घरगुती वापराला आमची पहिली पसंती डकडकगो या सर्च इंजिनच्या सेवेला. फोनवर त्यांचं ॲप घ्यायचं, सेटिंगमध्ये ई-मेल प्रोटेक्शन उघडायचं, एक नाव निवडायचं आणि आपला जीमेल द्यायचा. पासवर्ड ठेवायची भानगड नाही, लॉगिनसाठी एकदाच चालणारा संकेत मेलवरच येतो. मग ॲपमध्ये उघडलेल्या फॉर्मच्या ई-मेलच्या रकान्यात बदकाचं चिन्ह दिसतं. ते दाबून खासगी पत्ता निवडला की दर वेळी नवा पत्ता तयार होतो, कितीही वेळा. मेल उघडल्याची खबर पाठवणारे छुपे ट्रॅकर काढूनच मेल पुढे येतो, आणि त्याच्या वरच्या पट्टीतून तो पत्ता बंद करता येतो. उणीव एकच, पण मोठी: कुठं कोणता पत्ता दिला याची यादी मिळत नाही. ती वहीत नाहीतर पासवर्ड मॅनेजरमध्ये आपणच ठेवायची.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराला मात्र यादी लागतेच. कास्टिंगची चौकशी एका पोर्टलवर टाकली, की कोटेशन, जाहिराती आणि कर्जवाले एकदमच सुरू होतात. तिथं सिंपललॉगिन बरं. 2022पासून ते प्रोटॉन या ई-मेल कंपनीकडे आहे. फुकटात दहा पत्ते मिळतात, प्रत्येकावर किती मेल आले आणि किती अडवले ते दिसतं, आणि चालू-बंद करायला एक बटण. उत्तरही त्याच टोपणपत्त्यावरून जातं. नव्या गिऱ्हाइकाला आपणहून मेल करायचा असेल तर आधी त्या पत्त्याच्या संपर्कांत त्याचा मेल जोडून उलटा पत्ता बनवावा लागतो; त्यावर पाठवलेला मेल गिऱ्हाइकाला टोपणपत्त्यावरूनच जातो. ही पायरी चुकवून थेट जीमेलवरून पाठवलात तर खरा पत्ता उघडा पडतो. जीएसटी आणि उद्यम नोंदणीचा पत्ता यात गुंतवू नका.

बेळगावच्या खडेबाजारातल्या काउंटरवर ‘बिल मेलवर पाठवतो’ म्हणाले, तर ॲडी डॉट आयओची सोय भारी. @ नंतर लावायला आपल्या नावाचा उपडोमेन मिळतो, @च्या आधी दुकानाचं नाव जोडून तिथल्या तिथं पत्ता सांगायचा. पहिला मेल आला की तो आपोआप तयार होतो. फुकटात महिन्याला फक्त 10 एमबी. साध्या मेलना ते पुरतं, पण साड्यांचा जड कॅटलॉग जोडून आला तर दोन-तीन मेलांत कोटा संपतो. फायरफॉक्स रिले नीटनेटकं आहे, पण फुकटात पाचच पत्ते आणि उत्तर द्यायला पैसे.

जीमेलमध्येच नावापुढे + आणि एखादा शब्द जोडूनही भागतं, कारण मेल त्याच पेटीत येतो. त्या पत्त्यावर फिल्टर लावून बातमीपत्रं इनबॉक्स टाळून वेगळ्या लेबलखाली टाकता येतात. फिल्टर संगणकावरच्या ब्राउझरमधून करा, फोनच्या ॲपमध्ये ती सोय नाही. पण + पासून पुढचा भाग खोडला की खरा पत्ता हाती लागतो, आणि काही फॉर्मना ते चिन्हच चालत नाही. ही वर्गवारी झाली, लपणं नव्हे.

चुका होतात त्या बहुधा दोन. टोपणपत्त्यावरून आलेला पहिला मेल कधी कधी स्पॅममध्ये पडतो. तिथून बाहेर काढा आणि त्या पत्त्यासाठी ‘कधीही स्पॅममध्ये नको’ असा फिल्टर करा. दुसरी चूक उलटी: नकोसा मेल आला की जीमेलमध्ये ‘स्पॅम’ दाबणं. मेल पुढे पाठवणारी सेवा असल्यामुळे ठपका तिच्या सर्व्हरवर बसतो आणि तुमचे बाकीचे मेलही अडकू लागतात. त्यापेक्षा तो पत्ताच बंद करा. ओळखीच्या दुकानाचं बातमीपत्र असेल तर सरळ सदस्यत्व रद्द करा. जीमेलला दिवसाला 5,000हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना 2024पासून जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकची ही सोय द्यावीच लागते. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या मेलमधली ती लिंक मात्र दाबू नये. पत्ता जिवंत आहे हे त्यांना कळतं.

दोन्ही सीईटी, बँक, आधार, कर्नाटक सरकारचं सेवासिंधू पोर्टल यांना खराच पत्ता द्यायचा. रँकवाल्यांना बदकाचा.