हिरडी सरकलीय: टाळूचा ग्राफ्ट की पीआरएफ?

हिरडी सरकून दाताचं मूळ उघडं पडलंय आणि डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: टाळूतून ग्राफ्ट, म्हणजे मांसाचा छोटा तुकडा, काढून लावायचा, की स्वतःच्याच रक्तातून पीआरएफचा (प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे प्लेटलेट्सनी भरलेल्या गोठलेल्या रक्ताच्या जाळीचा) पडदा करून बसवायचा. माझी दोन्ही झालीत. डाव्या सुळ्याला ग्राफ्ट, पुढे उजव्याला पीआरएफ. मी डॉक्टर नाही, हे धरून वाचा.

दातापाशी जे करतात ते दोन्हींत सारखंच. हिरडी सैल करायची, ओढून मुळावर आणायची, टाके घालायचे. आत काय ठेवायचं, एवढाच फरक.

ग्राफ्टची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. नवी कुठलीही पद्धत आली की तिची तुलना आजही याच्याशीच होते. हिरडी मुळातच पातळ असेल तर तिला जाडी द्यायला ग्राफ्टच सरस. पीआरएफचा पडदा थोड्याच आठवड्यांत विरघळून जातो, मागे भर त्या मानाने कमी राहते. माझ्या डाव्या सुळ्याची हिरडी बोटाला आजही उजवीपेक्षा भरीव लागते.

पण ती टाळूची जखम! दाढांच्या आतल्या बाजूला, जीभ टेकते नेमकी तिथेच. वर प्लास्टिकची पट्टी बसवून दिली होती. तिच्याखाली भाताचं शीत अडकायचं. काढायला जावं तर जखम दुखावायची, राहू द्यावं तर जीभ दिवसभर तिथेच घुटमळायची. चहा निववून प्यायचा, वरण बिनफोडणीचं, भाकरीचं तर नावच नको. ज्या दातासाठी हे सगळं केलं, त्याचा विसर पडला होता.

पीआरएफमध्ये ही दुसरी जखमच नाही. 2001 मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी ही पद्धत आणली. हाताच्या शिरेतून रक्ताच्या काही नळ्या भरतात आणि लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवायला लावतात; मूळ पद्धत मिनिटाला 3000 फेऱ्यांनी 10 मिनिटांची. नळी बाहेर आली की तळाशी लाल पेशी, वर फिकट पाणी आणि मध्ये पिवळसर गोळा दिसतो. तो चिमट्याने उचलून, खालचा लाल भाग वेगळा करून दाबला, की ओल्या साबुदाण्याच्या पापडासारखा पडदा तयार. सूज मलाही आली, पण त्याच रात्री मऊ वरणभात बिनतक्रार जेवलो. मूळ दोन्हीकडे झाकलं गेलं आणि थंड पाण्याची झिणझिणी दोन्हीकडची गेली. आरशात तरी मला फरक दिसत नाही.

हिरडी फारच पातळ असेल आणि डॉक्टर ग्राफ्टचाच आग्रह धरत असतील, तर त्यांचं ऐकावं. दोन दातांमधलं हाड बरंच झिजलं असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा कशातच धरू नये. तंबाखू-सिगारेट दोन्हींचं मातेरं करते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. यातलं काही नसेल, तर मी पुन्हा पीआरएफच निवडेन.

फक्त सेंट्रिफ्यूज दवाखान्यातच आहे ना, ते विचारून घ्या. नळीत रक्त गोठू न देणारं औषध नसतं. बाहेरच्या लॅबमधून फिरवून आणतो म्हणाले, तर ते वाटेतच गोठेल.