अमॉर्फस अँड्रोजिनसची 'मॉन्स्ट्रस सायकेडेलिक बबल' डबल सीडी: घ्याच, आणि अख्खी ऐका

सायकेडेलिक, म्हणजे गुंगवून दुसऱ्याच जगात नेणाऱ्या संगीताची कम्पायलेशन (निवडक गाण्यांचे संग्रह) जमवणाऱ्याकडे ही नसेल तर काहीतरी मोठं राहिलंय असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्ण नाव लांबलचक, 'अ मॉन्स्ट्रस सायकेडेलिक बबल एक्स्प्लोडिंग इन युवर माइंड', त्यातला हा पहिला व्हॉल्यूम 'कॉस्मिक स्पेस म्युझिक', 2008 चा, दोन डिस्क. करणारे गॅरी कोबेन आणि ब्रायन डूगन्स, म्हणजे फ्यूचर साउंड ऑफ लंडन ही इंग्लंडची इलेक्ट्रॉनिक संगीतवाली जोडीच, 1991 चं 'पापुआ न्यू गिनी' हे गाणं ज्यांचं. अमॉर्फस अँड्रोजिनस हे त्यांचंच दुसरं नाव, 1993 पासूनचं.

ह्यांना रेडिओचं वेड किती तर 1994 च्या आसपास स्वतःच्या स्टुडिओत बसून आयएसडीएन ह्या डिजिटल टेलिफोन लाईनवरून वेगवेगळ्या रेडिओ स्टेशनांना लाइव्ह वाजवून पाठवायचे आणि त्यातूनच मग 'आयएसडीएन' नावाचा अल्बम निघाला. ते वेड ह्या सीडीत पुरेपूर उतरलंय. रात्री उशिरा कुणीतरी मन लावून प्रोग्राम करतंय आणि आपल्याला मध्येच स्टेशन सापडलंय असं वाटत राहतं. जुनं साठ-सत्तरचं रॉक, फोक, सतार, मधेच बोलण्याचे तुकडे, मग एकदम आजचा बँड, आणि हे सगळं एकाला एक लागून, मध्ये शांतता नाहीच.

खरी कमाल त्या सांध्यांची आहे. वेंगुर्ल्याला घरी लावली होती तेव्हा काका पडवीतून विचारतात, "ह्या मगासचाच गाणा मा रे?" आणि तोपर्यंत तीन गाणी होऊन गेलेली. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ऐकत वाढलेल्या माणसाला हे पटकन कळेल, बुवा अभंगातून गजरात शिरतो तेव्हा पखवाज नेमका कधी चढला ते सांगता येत नाही, अंग आपोआप हलायला लागतं, तसंच इथे होतं. एखादा सूर आधीच्या गाण्याच्या खालून हळूच येतो, बराच वेळ नुसता तिथे थांबतो, आणि तुम्ही त्याला सरावलात की मगच पहिलं गाणं सोडून देतात. हे ज्याला जमतं त्याच्याकडे हजारो रेकॉर्ड असून भागत नाही, त्या सगळ्या त्याला पाठ असाव्या लागतात.

'नगेट्स'शी तुलना होणारच. तो 1972 चा, लेनी केने निवडलेल्या 27 गाण्यांचा डबल एलपी, पुढे 1998 ला ऱ्हायनोने चार सीडींचा बॉक्स काढला. त्याचा मान मोठाच आहे, गॅरेज रॉक आणि सायकेडेलिक जमवणारे सगळे तिथूनच सुरू होतात. पण तिथे गाणी सुटी सुटी आहेत, एक संपलं की दुसरं. तुम्हाला कुठला बँड काय वाजवायचा ते समजून घ्यायचं असेल तर नगेट्स घ्या, दोन-अडीच तास दुसरीकडे कुठेतरी जाऊन यायचं असेल तर ही.

आता रेडिओ मिक्सचं. आमच्याकडून शिरोडा, मग आरोंदा-किरणपाणी पूल ओलांडला की गोवा, त्यामुळे इथल्या पोरांच्या कानावर ट्रान्स, म्हणजे गोव्याच्या पार्ट्यांतलं एकसारख्या बीटचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आधीपासूनच आहे, फक्त ते लाटेसारखं येऊन गेलं, जमवलं फार कमी जणांनी. जमवायचंच असेल तर सुरुवात इंग्लंडचा डीजे पॉल ओकेनफोल्डच्या गोवा मिक्सपासून करा, 18 डिसेंबर 1994 ला बीबीसी रेडिओ 1 च्या एसेन्शियल मिक्स ह्या कार्यक्रमात लागलेला, दोन तासांचा. बीट बाजूला ठेवून मध्ये 'ब्लेड रनर' सिनेमातलं व्हँगेलिसचं संगीत येतं ना, तिथे अजून काटा येतो अंगावर. आणि ती मोकळी, बीट नसलेली सुरुवात-शेवटाची पद्धत गोव्यातल्या हणजूणचीच, कारण उन्हात विनाइल रेकॉर्ड वाकायची म्हणून तिथले डीजे कॅसेट आणि डॅटवर (डिजिटल ऑडिओ टेप) वाजवायचे, तिथला नावाजलेला डीजे गोवा गिल, त्यानेही डॅटच धरून ठेवली, आणि डॅटवर टर्नटेबलसारखा स्पीड हाताने कमीजास्त करून बीटला बीट जुळवणं होत नाही, मग एक गाणं विरत जातं आणि दुसरं त्याच्यावर उगवतं. बबल सीडीतले सांधे ऐकताना मला हे सारखं आठवतं, संगीत वेगळं आहे पण धीर तोच.

म्हणूनच सांगतो की हे स्ट्रीमिंगवर ऐकू नका. एक तर अशा मिक्सची लायसन्सं अडकतात, अर्धी गाणी करडी होऊन बसतात, आणि जी असतात ती मूळ सुटी गाणी, सांधे गायब. सीडी कॉम्प्युटरवर घ्यायची असेल तर एमपीथ्री करू नका. एमपीथ्रीमध्ये प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता चिकटते, साध्या प्लेअरवर प्रत्येक ट्रॅक बदलताना टक्कन खंड पडतो, अख्खी मजा तिथेच मेली. फ्लॅक करा, म्हणजे आवाज जराही न घटवता जपणारी फाईल, आणि पूर्ण डिस्कची एकच फाईल क्यू शीटसकट (कुठलं गाणं कुठे सुरू होतं ते सांगणारी छोटी फाईल) ठेवा. 75 मिनिटांची डिस्क 320 केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण 180 एमबी होते, फ्लॅकमध्ये त्याच्या दुप्पट-अडीचपट, पण आजकाल जागेचं काय एवढं.

आपल्याकडच्या हवेचं बघावं लागतं. पावसात कॅसेटच्या रिबिनीला कडेने पांढरी बुरशी धरते, ती तशीच डेकमध्ये घातली की हेड खराब आणि पुढची चांगली कॅसेटही गेली. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि पाऊस संपला की एकदा पुढेमागे फिरवून घ्यायच्या. सीडीला तेवढा त्रास नाही, तरी लेबलची बाजू जपा, खाऱ्या हवेत चरा पडला की तिथून चंदेरी थर उडायला लागतो.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. दुसरी डिस्क मध्ये जरा जड होते, तिथे एवढं काही कोंबलंय की श्वास घ्यायला जागा नाही, दोन-तीन गाणी काढली असती तर उरलेली उजळली असती. काही गाणी मला आणखी वेळ हवी होती, आत्ता कुठे रंगतंय म्हणेपर्यंत ती गेलेली. आणि नवीन सहज मिळत नाही, परदेशातून सेकंडहँड मागवावी लागते, पोस्टेज डिस्कच्या वर जातं. माझी आली ती केस फुटून आली, विक्रेत्याने नुसत्या कागदी पाकिटात टाकली होती, तेव्हा ऑर्डर करताना पुठ्ठ्याच्या बॉक्सचं लिहून घ्या.

5 पैकी साडेचार. पहिल्यांदा ऐकताना हेडफोन लावा, शफल बंद करा, फोन बाजूला ठेवा. आवडली तर पुढे ह्याच मालिकेतला 2009 चा 'पेगन लव्ह व्हायब्रेशन्स' आहे, आणि मग आपल्या मुंबईच्या चरणजित सिंगांचा 1982 चा 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' जरूर घ्या, तो कम्पायलेशन नाही पण 303 आणि 808 ह्या रोलँडच्या इलेक्ट्रॉनिक बेस आणि ड्रमच्या यंत्रांच्या साथीने राग वाजवलेत आणि ह्या सगळ्याच्या शेजारी ठेवला तर जराही परका वाटत नाही. माझ्याकडे बबल मालिकेतला 'द थर्ड इअर'वाला व्हॉल्यूम नाहीये, सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कुणाकडे जास्तीचा असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन, बदल्यात द्यायला गोवा मिक्सच्या दोन चांगल्या कॅसेट आहेत.