दोन वेळचं जेवण की सावकाश जेवण?

वजन वाढलंय, साखर काठावर आलीय. घरात एक जण म्हणतो, "मधलं खाणं बंद कर." दुसरा म्हणतो, "नीट चावून खा." दोन्ही सल्ले खरे आहेत, पण तुम्ही कशाने जास्त खाता हे आधी बघा.

दोन वेळच्या जेवणाची कल्पना आपल्या नागपूरचीच. डॉ. श्रीकांत जिचकार ती मांडत आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती घरोघरी नेली. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, जेवण ५५ मिनिटांत आटपायचं, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा कोरा चहा. सोबत ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. खाल्लं की इन्सुलिन (साखर पेशींत पोचवणारं आणि चरबी साठवायला लावणारं हार्मोन) स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करायच्या, हा त्यामागचा विचार. नियम स्पष्ट असल्याने पाळायला सोपा. ऑफिसातला चारचा समोसा आणि चहासोबतची बिस्किटं आपोआप सुटतात. माझ्या मते खरा फायदा तिथेच आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ लोकांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं खाणं सारखंच कमी केलं होतं, फक्त एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खाल्लं. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या घटलेल्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे घड्याळापेक्षा ताटात काय आणि किती, हेच महत्त्वाचं. एकादशीची साबुदाणा खिचडी तर यात मोजूच नका. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वर बटाटा आणि तूप.

सावकाश जेवण्याचं गणित वेगळं आहे. पोट भरल्याचा निरोप आतड्यातल्या हार्मोन्समार्फत मेंदूला पोचायला साधारण २० मिनिटं लागतात. आता ठेल्यावरचे तर्री पोहे आठवा. उभ्या-उभ्या, तोंडातला घास संपायच्या आत पुढचा चमचा भरलेला, बघता बघता प्लेट रिकामी आणि "भाऊ, अजून थोडी तर्री टाका." निरोप पोचायच्या आत दुसरी प्लेट हातात! दर घासानंतर चमचा खाली ठेवा, मोबाइल खिशात राहू द्या. घरी मऊ भाताआधी ज्वारीची भाकरी घ्या, ती चावल्याशिवाय उतरतच नाही. वजन हळूहळू उतरतं, पण यात धोका नाही.

दोन वेळच्या जेवणात, म्हणजे मधल्या लांब उपवासात, तो आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल, तर जेवण टाळल्यावर साखर एकदम खाली येऊ शकते. डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय सुरूच करू नका. गरोदर, स्तनदा माता आणि वाढती मुलं यांनी या वाटेला जाऊ नये. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना निर्जळी उपवास तर कुणीच करू नये.

मला विचाराल तर बहुतेकांनी सावकाश जेवण्यापासून सुरुवात करावी. दिवसभर तोंड चालू असणाऱ्यांना मात्र दोन वेळांचा नियमच लागू पडेल. पण सोळा तास उपाशी राहून रात्री सावजी रश्श्यावर तुटून पडलात, तर सगळी मेहनत पाण्यात. उपवास सोडतानाच सावकाश जेवण्याची खरी गरज असते.

काहीही निवडा, सुरू करण्याआधी एचबीए१सी ही रक्ततपासणी करून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. ही तपासणी साधारण तेवढ्याच काळातली सरासरी साखर दाखवते, त्यामुळे पंधरा दिवसांत घाई करून उपयोग नाही.