‘क्रिएटिनिन उतरलं’ म्हणून फसवलं

घरात किडनीचा पेशंट असेल तर हे जरूर वाचा.

माझे काका इथेच, सोलापुरात, यंत्रमागावर कामाला होते. शुगर जुनी, बीपीही. लघवीला फेस यायला लागला, पाय सुजले, तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की साचणारा टाकाऊ पदार्थ, ३.१ निघालं. डॉक्टरांनी नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरकडे, चिठ्ठी दिली. तेवढ्यात ओळखीतल्या एकाने ‘डायलिसिसशिवाय किडनी बरी’ करणाऱ्या केंद्राचा पत्ता दिला.

तिथला माणूस बोलायला गोड. ‘मालक, एकदा डायलिसिस लागलं की सुटत नाही. आधी त्या इंग्लिश गोळ्या बंद करा.’ तपकिरी पुड्या, त्यावर ना नाव ना परवाना. पैसे आगाऊ, बिल नाही. मटण, अंडी, डाळ सगळं बंद. पुढच्या रिपोर्टात क्रिएटिनिन २.६ आलं आणि काकांनी गल्लीत पेढे वाटले.

खरी मेख इथेच आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, शिजवलेल्या मटणातूनही रक्तात येतं. मटण सुटलं, खाणं तुटून अंगावरचं मांस झडलं, की आकडा उतरतो. किडनी होती तशीच राहते. काकांची बीपीची टेल्मिसार्टन बंद झाली होती. ती बंद झाल्यानेही आकडा थोडा खाली येऊ शकतो, पण किडनीला जपणारी गोळीच गेलेली असते. हे सगळं नेफ्रॉलॉजिस्ट मॅडमनी नंतर रिपोर्टाच्या मागे आकृती काढून समजावलं. तोवर काकांना धाप लागली होती, पोटॅशियम चढलं होतं, रात्रीतून डायलिसिस करावं लागलं.

शुगर-बीपीवाल्यांनी काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासावंच. बऱ्याच रिपोर्टांत ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, लिहिलेला असतो, तो बघा. तो ३० च्या खाली गेला, भराभर घसरतोय किंवा लघवीतून प्रोटीन खूप जातंय, तर थेट नेफ्रॉलॉजिस्ट गाठा. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, सिव्हिलमध्ये चौकशी करा. आणि चालू गोळ्या बंद करायला सांगून बिननावाची पुडी कुणी हातावर ठेवली, तर तिथून सरळ उठून या. अशा पुड्यांत शिसं, पारा निघाल्याची उदाहरणं आहेत.

उरलेल्या पुड्या आम्ही तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्यात. केंद्राची पाटी मध्यंतरी बदललीय. माणूस तोच आहे.