सर्जिकल गाइड आधीच छापून ठेवावा की ऐनवेळी छापावा?

शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते. कधी रुग्णाची साखर आटोक्यात नसते, कधी पितृपक्ष आडवा येतो. तोवर इम्प्लांटसाठी (जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम मुळासाठी) थ्रीडी प्रिंटरवर छापलेला गाइड, म्हणजे ड्रिलला दिशा देणारा रेझिनचा साचा, क्लिनिकच्या खिडकीत पडून असतो.

धुऊन, यूव्हीखाली क्युअर (पक्कं) केल्यावरही रेझिन पूर्ण शांत होत नाही. उरलासुरला मोनोमर (रेझिनचे न जुळलेले सुटे रेणू) जुळत राहतो, आतला ताण सैल होतो. ऊन-उकाड्यात हे भराभर होतं, आणि दमट हवेत रेझिन पाणी ओढून किंचित फुगतं. चार-आठ दिवसांत बदल बहुधा नगण्यच. पण स्लीव्ह (गाइडमधली, ड्रिल ज्यातून जातं ती नळी) 1 अंशाने जरी कलली, तरी 20 मिमी खाली ड्रिलचं टोक सुमारे 0.35 मिमी सरकतं. 2018 च्या एका मोठ्या आढाव्यात गाइड वापरूनही सरासरी चूक हिरडीपाशी 1.2 मिमी, टोकाशी 1.4 मिमी आणि कोनात 3.5 अंश निघाली होती. खालच्या जबड्यात नसेपासून आपण 2 मिमी अंतर राखतो. त्यातलं बरंचसं आधीच खर्ची पडलेलं असतं.

प्रिंटर क्लिनिकमध्येच असेल तर माझं मत सरळ आहे: फाइल जपा, गाइड आदल्या दिवशी छापा. मात्र घाईत क्युअरिंग उरकणार असाल, तर आठवडाभर नीट ठेवलेला गाइडच बरा.

लॅब परगावी असेल तर साठवण टळत नाही. मग सिलिका जेलची पुडी घालून काळ्या, बंद पिशवीत आणि थंड कपाटात ठेवा. वर काही रचू नका. कवळी पाण्यात ठेवायची सवय इथे मोडायला हवी; कवळीचं अॅक्रिलिक ओलंच राहावं लागतं, गाइड कोरडाच बरा. एका दाताचा, दोन्हीकडे दातांवर टेकणारा गाइड बराच सोसतो. अख्ख्या जबड्याच्या नालाकृती गाइडची टोकं मोकळी असल्यामुळे ती फाकतात. तो मॉडेलवर बसवून ठेवा. पीएलए या प्लास्टिकचा गाइड मात्र 60 अंशांच्या आसपासच मऊ पडतो, ऑटोक्लेव्हचं (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं) नावच नको.

दोन्हीत एक काम सारखंच: ड्रिलिंगआधी गाइड तोंडात बसवून, त्यात ठेवलेल्या तपासणीच्या खिडक्यांतून तो दातांवर नीट टेकलाय का ते बघा. डुगडुगला तर पुन्हा छापा. त्याआधी रुग्णाला एवढं विचारा, मधल्या काळात शेजारच्या दातात नवं फिलिंग तर केलं नाही ना? तसं असेल तर जुन्या फाइलवरून छापलेला कोरा गाइडही बसायचा नाही. स्कॅनच नव्याने घ्यावा लागेल.