क्वांटममध्ये पीएचडी करायचीय, पण नक्की कशात? फाउंडेशन्सपासून सेन्सिंगपर्यंत एक तुलना

फिजिक्स एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला बरीच पोरं म्हणतात की मला क्वांटममध्ये काम करायचंय, आणि मग इंटरव्ह्यूला समोरून विचारतात, बरं, क्वांटममध्ये म्हणजे कशात? तिथे गाडी अडते. कारण या एका नावाखाली चार-पाच पार वेगळी कामं चालतात. कुणी पूर्णवेळ वहीत मॅट्रिक्स लिहितो, कुणी लॅपटॉपवर सिम्युलेशन चालवतो, कुणी रात्री दोन वाजता लेझर लॉक करत बसतो.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. 'फाउंडेशन्स (म्हणजे क्वांटमचे मूळ नियमच तपासणं) की ॲप्लिकेशन' असा प्रश्न लोक विचारतात तो मला फारसा कामाचा वाटत नाही. २०२५ चं फिजिक्सचं नोबेल बघा, क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस. त्यांचे बर्कलेमधले १९८४-८५ चे प्रयोग कम्प्युटर बनवायला केलेले नव्हतेच, प्रश्न थिअरिस्ट अँथनी लेगेटने उचलून धरलेला होता की हातात धरता येईल एवढ्या मोठ्या सर्किटमधला करंट क्वांटमचे नियम पाळतो का. अगदी शुद्ध फाउंडेशनचा प्रश्न. आणि त्या सर्किटमधल्या जोसेफसन जंक्शनवर (दोन सुपरकंडक्टरमधला पातळ अडथळा) आज गूगल, आयबीएमचे क्युबिट, म्हणजे क्वांटम कम्प्युटरचे बिट, उभे आहेत, मार्टिनिस तर पुढे गूगलच्या हार्डवेअर टीमचा प्रमुखच होता. म्हणून माझं मत असं की विषयाच्या पाटीकडे कमी बघा आणि पाच वर्षांनी हातात कुठलं तंत्र असेल त्याकडे जास्त बघा. प्रश्न बदलता येतो, तंत्र नव्याने शिकायला परत तीन वर्षं जातात.

आता एकेक घेऊ.

फाउंडेशन्स. बेलचं प्रमेय १९६४ (लांबच्या दोन कणांमधला क्वांटम संबंध साध्या, स्थानिक कारणांनी समजावता येतो का, हे एका इन्इक्वॅलिटीने तपासायची वाट), क्लाउझरचा प्रयोग १९७२, आस्पेचा १९८२, सगळ्या पळवाटा बंद केलेल्या टेस्ट २०१५, आणि २०२२ ला क्लाउझर, आस्पे, त्साइलिंगर यांना नोबेल. हे वाचून वाटतं की विषय संपला. संपलेला नाही, पण 'बेल इन्इक्वॅलिटी मोडते' हे दाखवण्यात आता तेवढा दम राहिला नाही हे खरं. जिवंत प्रश्न आता दुसरीकडे आहेत. एक म्हणजे कोलॅप्स मॉडेल्स, की वेव्ह फंक्शन खरंच आपोआप कोसळतं का आणि त्याची खूण प्रयोगात दिसते का. दुसरं, किती मोठी वस्तू सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन अवस्थांत, ठेवता येते, व्हिएन्नाच्या ग्रुपने २०१९ मध्ये २५,००० अणुभारापेक्षा जड मोलेक्यूलचं इंटरफरन्स दाखवलं. आणि तिसरं, मला सगळ्यात भारी वाटणारं, दोन छोट्या वस्तू फक्त गुरुत्वाकर्षणामुळे एंटँगल होतात का, म्हणजे त्यांच्या क्वांटम अवस्था एकमेकींत गुंततात का. २०१७ मध्ये दोन वेगवेगळ्या ग्रुपनी ही कल्पना मांडली आणि तेव्हापासून तो प्रयोग करायची सगळ्यांना घाई आहे, पण अजून बराच लांब आहे.

अडचण अशी की शुद्ध थिअरीत फाउंडेशन्स करणारे गाइड भारतात मोजकेच, पोस्टडॉकच्या जागा त्याहून कमी. प्रयागराजला एचआरआयमध्ये (हरीश-चंद्र रिसर्च इन्स्टिट्यूट) क्वांटम इन्फॉर्मेशनच्या अंगाने, कोलकात्याला बोस इन्स्टिट्यूटमध्ये, बंगळुरूला आरआरआयमध्ये (रामन रिसर्च इन्स्टिट्यूट) सिंगल फोटॉनचे प्रयोग, अशी नावं समोर येतात. क्लाउझरला स्वतःलाच त्या काळी या विषयामुळे नोकरी मिळताना त्रास झाला होता. आज परिस्थिती बरीच बरी आहे, पण यूट्यूबवर मेनी वर्ल्ड्सचे (क्वांटमचा 'अनेक विश्वं' असा अर्थ लावणारे) व्हिडिओ बघून इकडे येणार असाल तर थांबा, रोजचं काम म्हणजे कॉन्व्हेक्स सेट, सेमीडेफिनिट प्रोग्रॅमिंग आणि लिनिअर अल्जेब्रा, चहा पिता पिता वास्तवावर चर्चा नाही (ती पण होते, पण पेपर त्यातून निघत नाही).

याच्या अगदी शेजारी ठेवायचं तर क्वांटम कम्युनिकेशन. गंमत बघा, प्रयोगशाळेतलं टेबल जवळपास तेच: लेझर, नॉनलिनिअर क्रिस्टल, फोटॉनच्या जोड्या, सिंगल फोटॉन डिटेक्टर. फरक प्रश्नाचा. इथे दोन टोकांना 'की' पोचवायची असते, म्हणजे संदेश कुलूपबंद करायची गुप्त किल्ली. बीबी८४ हा पहिला क्वांटम की डिस्ट्रिब्युशन प्रोटोकॉल तर चक्क बंगळुरूच्या कॉन्फरन्समध्ये मांडला गेला होता, १९८४ ला. एकर्टने १९९१ मध्ये बेल टेस्टच वापरून की बनवायची पद्धत काढली, आणि २०२२ मध्ये ऑक्सफर्डने आयन वापरून आणि म्युनिकने अणू वापरून डिव्हाइस-इंडिपेंडंट प्रयोग करून दाखवले, म्हणजे मशीन कुणी बनवलंय यावर विश्वास न ठेवता सुरक्षित की. म्हणजे बेल टेस्ट आता कामाला लागली.

नोकरीच्या बाजूने कम्युनिकेशन स्पष्ट पुढे. केंद्र सरकारच्या नॅशनल क्वांटम मिशनमध्ये, जे एप्रिल २०२३ ला ६,००३.६५ कोटींचं मंजूर झालं, २००० किलोमीटरवर सॅटेलाइटने की पाठवायचं उद्दिष्ट लिहिलेलंच आहे, त्याचं हब आयआयटी मद्रासला. इस्रोने २०२१ मध्ये अहमदाबादला ३०० मीटर मोकळ्या हवेतून करून दाखवलंय. ३०० मीटर विरुद्ध चीनच्या मिशियस सॅटेलाइटचे १२०० किलोमीटर, तेही २०१७ मध्ये, म्हणजे करायला काम भरपूर पडलंय असं म्हणा. पण एक काटा आहे. क्वांटम कम्प्युटरपासून बचाव करायला अमेरिकेच्या निस्ट या सरकारी स्टँडर्ड्स संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये साध्या सॉफ्टवेअरवर चालणारी नवीन एन्क्रिप्शन स्टँडर्ड्स जाहीर केली, त्यामुळे बँका 'आम्हाला फायबर आणि डिटेक्टर कशाला' असं विचारणार, आणि त्याचं चांगलं उत्तर तुमच्याकडे असायला हवं.

कम्प्युटिंग. गर्दी इथे आहे आणि गोंधळही इथेच. याचे तीन तुकडे करा नाहीतर तुलना करताच येणार नाही.

हार्डवेअर, म्हणजे बहुतेक करून सुपरकंडक्टिंग क्युबिट. १०-२० मिलिकेल्विनचा, म्हणजे जवळजवळ निरपेक्ष शून्यावरचा, डायल्युशन फ्रिज, क्लीनरूममध्ये ॲल्युमिनियमची जंक्शन, मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्स. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) हे बऱ्याच वर्षांपासून चालू आहे, २०२४ मध्ये त्यांनी डीआरडीओच्या पुण्याच्या लॅबसोबत आणि टीसीएसला घेऊन ६ क्युबिटचा प्रोसेसर टेस्ट केला. गूगलचा विलो हा प्रोसेसर १०५ क्युबिटचा, त्यामुळे आकड्यांची शर्यत लावायला गेलात तर निराश व्हाल, पण एका माणसाला डिझाइनपासून मेजरमेंटपर्यंत सगळं शिकायला मिळणं हे छोट्या ग्रुपमध्येच होतं, मोठ्या कंपनीत तुम्ही एका केबलचे मालक असता. हे स्किल जगात कुठेही विकलं जातं. वाईट बाजू: फ्रिज बंद पडला की तुमची पीएचडी पण बंद पडते.

एरर करेक्शनची, म्हणजे क्युबिटच्या चुका पकडून दुरुस्त करायची, थिअरी मला सध्या सगळ्यात कमी लेखलेला पर्याय वाटतो. २०२४ च्या शेवटी विलोवर दिसलं की सरफेस कोड (बऱ्याच क्युबिटच्या जाळीत एक पक्का 'लॉजिकल' क्युबिट साठवायची पद्धत) एकेक पायरी मोठा केला की लॉजिकल एरर दर वेळी निम्म्याहून खाली येतो, म्हणजे जे तीस वर्षं कागदावर होतं ते खरं चाललं. आणि २०२५ मध्ये गूगलच्या क्रेग गिडनीने हिशोब मांडला की आरएसए-२०४८ हे इंटरनेटवर वापरलं जाणारं एन्क्रिप्शन तोडायला दहा लाखांपेक्षा कमी क्युबिट पुरतील, २०१९ च्या हिशोबात हाच आकडा दोन कोटी होता. क्युबिट तेवढेच वाईट धरलेत बरं का, सगळा फायदा चांगल्या कोड आणि चांगल्या अल्गोरिदमचा. आणि यासाठी लागतं काय, लॅपटॉप, स्टिमसारखं फुकट सिम्युलेटर आणि ग्रुप थिअरी, ग्राफ यांची आवड. छोट्या युनिव्हर्सिटीत, कमी फंडिंगमध्ये बसूनसुद्धा जगाच्या बरोबरीचं काम करता येईल असा हाच एक कोपरा मला दिसतो.

तिसरा तुकडा अल्गोरिदम आणि क्वांटम मशीन लर्निंग. पेपर झटपट होतात, लिंक्डइनवर छान दिसतं. पण २०१८ पासून माहीत आहे की रँडम व्हेरिएशनल सर्किटमध्ये (ज्याचे आकडे बदलत बदलत ट्रेन करायचं असं क्वांटम सर्किट) क्युबिट वाढवले की ग्रेडियंट सपाट होत जातो, म्हणजे कुठल्या दिशेने सुधारायचं तेच कळत नाही, ज्याला बॅरन प्लॅटू म्हणतात, आणि यातून नक्की फायदा कुठे होतो हे अजून कुणी पटेल असं दाखवलेलं नाही. गाइड खूप चांगला असेल तरच.

सेन्सिंगबद्दल मी थोडा पक्षपाती आहे, आधीच सांगतो. कम्प्युटिंगमध्ये क्युबिट बाहेरच्या जगामुळे बिघडतो म्हणून सगळे रडतात, इथे तो बिघडतो याचाच उपयोग करतात, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र, तापमान, गुरुत्व मोजायला. हिऱ्यातला एनव्ही सेंटर (नायट्रोजनचा अणू आणि शेजारी एक रिकामी जागा) घ्या, हिरवा लेझर मारा, २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपास मायक्रोवेव्ह द्या, लाल प्रकाश कमी-जास्त होतो त्यावरून चुंबकीय क्षेत्र कळतं, आणि हे सगळं रूम टेम्परेचरला, फ्रिज नाही, हेलियम नाही. मिशनचं सेन्सिंग हब पवईला आयआयटी बॉम्बेमध्येच आहे आणि तिथे याच हिऱ्यांवर काम चालतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत यटर्बियम आयनचं ऑप्टिकल घड्याळ बनवतायत, आयसर पुण्यात कोल्ड ॲटम (लेझरने गार केलेले अणू) आणि एनएमआर (अणुकेंद्रांचं चुंबकीय मोजमाप) दोन्ही. घर सोडून लांब जायचं नसेल त्यांनी हे नीट बघा.

आणि घड्याळं आता कुठे पोचलीत, २०२२ मध्ये कोलोरॅडोत एका मिलिमीटरच्या उंचीच्या फरकामुळे वेळ वेगळी चालते हे अणूंच्या एकाच ढगात मोजलं. म्हणजे उपकरण बनवता बनवता तुम्ही आइन्स्टाइनच्या दारात जाऊन उभे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणारा लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींचा डिटेक्टर पण या यादीत घालायला हवा, कारण अमेरिकेतल्या लायगोमध्ये २०१९ पासून क्वांटम नॉइज दाबायला स्क्वीझ्ड लाइट (एका बाजूची क्वांटम अनिश्चितता कमी केलेला प्रकाश) वापरतात, आणि इथे तसंच करायचं तर ते येणारी माणसं लागतील.

मटेरियल्स आणि मेनी-बॉडीचं (असंख्य कण एकत्र कसे वागतात ते) थोडक्यात सांगतो कारण तो वेगळाच मोठा विषय आहे. २०१८ ला एमआयटीमध्ये ग्राफीनचे दोन थर १.१ अंशात फिरवून सुपरकंडक्टिव्हिटी मिळाली, त्यानंतर त्यावर संशोधनाची अख्खी लाट आली, टीआयएफआरमध्ये पण असं काम होतं. फॅकल्टीच्या जागा कंडेन्स्ड मॅटरमध्ये, म्हणजे घन-द्रव पदार्थांच्या फिजिक्समध्ये, आधीपासूनच जास्त, आणि सेमीकंडक्टर कंपन्यांचं दार पण उघडं. क्वांटमचं तात्त्विक वेड असेल तर मात्र इथे भूक भागणार नाही.

मग घ्यायचं काय? गणित पक्कं, लॅबचा कंटाळा, पण नोकरीची पण चिंता, तर एरर करेक्शन, फाउंडेशन्स नको. फाउंडेशन्स साइडला वाचत राहता येतात, उलट करणं अवघड. हाताने काम करायला आवडतं आणि मनात प्रश्न मात्र मूलभूत आहेत, तर सेन्सिंग किंवा आयन-ॲटमची लॅब, कारण तेच ट्रॅप आणि तेच लेझर उद्या बेल टेस्टलाही चालतात. थेट इंडस्ट्री हवी तर सुपरकंडक्टिंग हार्डवेअर किंवा कम्युनिकेशन. आणि फाउंडेशन्सच करायचंय, रात्री झोप लागत नाही त्यावाचून, तर करा, पण एक तरी विकता येईल असं तंत्र सोबत घ्या, ऑप्टिक्स म्हणा, कोडिंग म्हणा.

जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, सगळीकडे सारखीच, महिन्याला ३७,००० रुपयांपासून सुरू, त्यामुळे पैशावरून निवडायची गरज नाही. जॉइन करण्याआधी लॅबमधल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सीनियरला गाठा, गाइड समोर नसताना, आणि तीन गोष्टी विचारा: उपकरण आत्ता चालू आहे का अजून टेंडरमध्ये आहे, गेल्या दोन वर्षांत तुझा स्वतःचा पहिल्या नावाचा पेपर आला का, आणि इथून आधी बाहेर पडलेले आता काय करतात. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला तो फार वेळ घेत असेल तर विषय कितीही भारी असू दे, दुसरी लॅब बघा.